मोरचूद पाजू नका: तासगावच्या तुराकोच्या जोडीबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी दिवाळीत पांढऱ्या गालाच्या तुराकोची, म्हणजे आफ्रिकेतल्या एका फळखाऊ पक्ष्याची, जोडी घेतली. मळ्यातल्या घरामागे 8 बाय 6 फुटांच्या पिंजऱ्यात ती आहे. खायला केळी, पपई, बागेतली द्राक्षं आणि घरचा बेदाणा. आता पंखातला लाल रंग फिका पडलाय, हगवण थांबत नाही, आणि पंधरा दिवसांपासून नर मादीला बसू देत नाही. ओळखीच्या एका पक्षीवाल्याने सांगितलं, “या पक्ष्याच्या रंगात तांबं असतं, चिमूटभर मोरचूद पाण्यातून द्या.” ते द्यायचं का, आणि पिल्लं कधी होतील, असं त्यांनी विचारलंय.

मोरचूद देऊ नका. दिला असेल तर आजच पाणी बदला, भांडं घासून टाका आणि पक्षी मलूल वाटत असेल तर फोनची वाट न बघता घेऊन या. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

गंमत अशी की त्या पक्षीवाल्याचं अर्धं वाक्य खरं आहे, आणि अर्धं खरं असलेला सल्लाच जास्त पक्षी मारतो. तुराकोच्या पिसांत खरोखरच तांबं असतं. आपल्याकडच्या तांबटाला तांबट म्हणतात ते त्याच्या टुक्-टुक् आवाजावरून. भांड्यावर हातोडी पडावी तसा तो आवाज, पण अंगात तांब्याचा रंग नाही. तुराकोचं उलट आहे. आवाज बेडकासारखा घोगरा, तांबं मात्र पिसांत. 1869 मध्ये आर्थर चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तुराकोच्या पंखातलं ते लाल द्रव्य वेगळं काढलं. त्याला ट्युरॅसिन म्हणतात आणि त्यात सुमारे 6 ते 7 टक्के तांबं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ज्या प्रकारच्या रेणूच्या मधोमध लोह बसलेलं असतं, त्याच घराण्यातल्या रेणूत इथे तांबं बसलंय. अंगावरचा हिरवा रंगसुद्धा असाच तांब्याचा. पोपटाचा हिरवा हा पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या बारीक रचनेतून दिसणारा निळा यांची बेरीज असते. तुराकोचा हिरवा म्हणजे खराखुरा हिरवा रंग.

हे तांबं पक्षी आपल्या फळापाल्यातून कणाकणाने गोळा करतो आणि पीस उगवत असताना त्यात भरतो. एकदा पीस पूर्ण वाढलं की ते नखासारखं निर्जीव. त्यानंतर तुम्ही तांब्याचा हंडा पाजला तरी त्या पिसात काही जाणार नाही, जाईल ते यकृतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षावर फवारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना तुम्ही तोंडाला फडकं बांधता, ते उगाच नाही. पाव किलोच्या पक्ष्याला “चिमूटभर” किती होते याचा हिशेब तुम्हीच करा.

मग रंग का उतरला? तुम्ही पाठवलेल्या फोटोत आंघोळीचं प्लास्टिकचं घमेलं दिसतंय आणि शेजारी धुण्याच्या सोड्याची पिशवी. ट्युरॅसिन साध्या पाण्यात विरघळत नाही. पावसात याचा रंग वाहून जातो अशी जुनी कथा आहे, ती बरीच फुगवलेली आहे. रोज पावसात भिजणारा पक्षी पांढरा पडला असता तर आफ्रिकेत एकही लाल पंखाचा तुराको उरला नसता. पण अल्कलीत, म्हणजे अमोनियाच्या, साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात तो रंग उतरतो. गळून पडलेलं एक लाल पीस वाटीत घेऊन त्यावर सोड्याचं पाणी ओता, पाणी गुलाबी व्हायला लागेल. तुराको आंघोळीचा शौकीन पक्षी आहे, दिवसातून दोनदा घमेल्यात उतरेल. तुम्ही सोड्याने घमेलं घासून नीट खळबळून घेत नसाल तर माझा पहिला संशय तिथे जातो. दुसरा संशय उन्हावर, कारण पिंजऱ्याला पश्चिमेकडे आडोसाच नाही आणि जुनी पिसं उन्हाने विटतात. दोन्हीचा उपाय एकच. घमेलं नुसत्या पाण्याने आणि काथ्याने घासा, सावली करा आणि पुढच्या पीसगळीपर्यंत थांबा. नवी पिसं लालभडक आली तर प्रश्न मिटला. नवीच पिसं फिकी आली, तर मात्र आहाराकडे आणि यकृताकडे बघावं लागेल.

आता हगवण. ही हगवण नाही. तुराको जवळजवळ पूर्ण फळांवर आणि कोवळ्या पाल्यावर जगतो. त्याचं आतडं आखूड असतं आणि खाल्लेलं फळ फार वेळ पोटात राहत नाही. विष्ठा पातळच पडते, त्यात पपईचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. लव्हबर्ड आणि कॉकाटील पाळलेल्या माणसाला ते आजार वाटतं. तुम्ही मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक आठ दिवस दिलंत, ते थांबवा. विष्ठेला घाण वास आला, रंग काळा किंवा रक्ताळ झाला, किंवा पक्षी पिसं फुलवून एका जागी बसून राहिला, तर आजार समजा आणि ताजी विष्ठा डबीत घालून आणा.

या पातळ विष्ठेचा जंगलात मोठा उपयोग आहे, आणि इथे या पक्ष्याचं घर कुठलं ते सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पिंजऱ्याचं काहीच कळणार नाही. तुराकोच्या सुमारे 23 जाती आहेत आणि सगळ्या फक्त आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला. एकेकाळी त्यांना कोकिळांच्या गटात धरत. आपल्या भारद्वाजाची फांद्यांतून तुरुतुरु चालायची लकब ज्याने पाहिली आहे त्याला ते पटलं असतं. आता त्यांचा स्वतंत्र गण मानतात. कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थ “केळी खाणारे”, आणि गंमत म्हणजे रानात ते केळी क्वचितच खातात. सगळ्यात मोठा निळा तुराको जवळपास 75 सेंटिमीटर लांब आणि किलोभर वजनाचा असतो, पण त्याच्या पंखात लाल नाही. इस्वातिनीच्या (पूर्वीच्या स्वाझीलँडच्या) राजघराण्यातली माणसं जांभळ्या तुऱ्याच्या तुराकोची लाल पिसं डोक्यात खोवतात आणि तोच त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. कॅमेरूनच्या बामेंडा डोंगराळ भागातला बॅनरमनचा तुराको मात्र जंगलतोडीने धोक्यात आलाय.

तुमच्याकडची जात इथिओपिया, इरिट्रिया आणि लगतच्या सुदानकडच्या भागातली. डोंगरावरचं सदाहरित जंगल, जुनिपरची झाडी, ओढ्याकाठची गर्द राई ही तिची जागा. उत्तर इथिओपियात बरंचसं जुनं जंगल तुटलं, आणि जे तुकडे राहिले त्यातले कित्येक चर्चभोवतीचे आहेत. देवाचं म्हणून कोणी कुऱ्हाड लावली नाही. आपल्या देवराया राहिल्या त्याच कारणाने. अशा एखाद्या राईत हा पक्षी वडाउंबराच्या जातीची फळं गिळतो, थोड्याच वेळात दुसऱ्या झाडावर जाऊन बी टाकतो, आणि राई पुढे सरकते. बाकीच्यांना विषारी असलेली काही फळंही हे कुळ पचवतं.

या जातीला एक शेजारी आहे, रुस्पोलीचा तुराको ही वेगळी जात, फक्त दक्षिण इथिओपियातला. रुस्पोली नावाचा इटालियन राजपुत्र 1893 मध्ये तिकडे हिंडत असताना हत्तीने त्याला मारलं. त्याच्या सामानात एका अनोळखी तुराकोचं कातडं सापडलं, पण ते कुठून मिळालं याची नोंदच नव्हती. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्या पक्ष्याचा ठिकाणा कोणाला लागला नाही. आता जिथे दोघांची हद्द लागते तिथे तुमचा पांढऱ्या गालाचा त्याच्याशी संकर करतो आणि त्या दुर्मीळ पक्ष्यापुढे तीही एक काळजी आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कोणी तुम्हाला दुसऱ्या जातीचा नर “याच्याशी लावून बघा” म्हणून देऊ करेल. लावू नका.

आता पिंजरा. तुराकोच्या पायाचं बाहेरचं बोट पुढेही वळतं आणि मागेही. त्यामुळे तो फांदीवर खारीसारखा पळतो. उडतो मात्र जेमतेम, एका झाडावरून दुसऱ्यावर घसरत गेल्यासारखा. पंख मिटलेले असताना लाल दिसतही नाही. तो झेप घेतो तेव्हा एकदम विजेसारखा चमकतो. म्हणजे या पक्ष्याला पळायला लांबी पाहिजे, आणि तुमचा 8 बाय 6 चा पिंजरा त्याच्यासाठी कोठडी आहे. माझं मत विचाराल तर 20 फूट लांब, 8 फूट रुंद, 9 फूट उंच याच्या आत या जोडीला ठेवू नका. आत खऱ्या फांद्या हव्यात, जाड-बारीक, तिरप्या, एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय जमिनीला न लावता जाता यावं. पीव्हीसी पाइपचे दांडे काढून टाका, गुळगुळीत दांड्यावर पाय बिघडतात. जास्वंद, बांबू असं काही कुंडीत किंवा जमिनीत लावा. कोवळा पाला ते ओरबाडतील. त्याचं दुःख करू नका, ते त्यांचं जेवणच आहे.

तुमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. हा डोंगरावरचा पक्षी. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी घाटाच्या हवेत तो मजेत राहिला असता, तासगावच्या माळावर त्याला मदत लागणार. निम्म्या छतावर पत्र्याखाली गवताचा किंवा उसाच्या पाचटाचा थर, पश्चिमेला शेडनेट, दुपारी फॉगर. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, अशी अवस्था दिसली की लगेच गारवा करा. थंडीची काळजी करू नका, आपली थंडी त्याला काहीच नाही. मळा कृष्णेच्या किंवा येरळेच्या काठाला असेल तर 2019 आणि 2021 च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघूनच नवा पिंजरा बांधा. त्या वेळी सांगलीत कितीतरी पक्षी कुलपाआड बुडाले. घरच्यांची पळापळ चालू होती, पिंजऱ्याची किल्ली कोणाला आठवणार?

खाण्यात तुमची चूक कुठे आहे तर गोड फार होतंय. आपली लागवडीची फळं रानफळांपेक्षा कितीतरी गोड आणि चोथा कमी. द्राक्ष घरचं असलं म्हणून निर्धोक नसतं, उलट बागायतदाराच्या घरचं द्राक्ष मला जास्त भीती घालतं. छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या झाल्या, जीए मध्ये, म्हणजे मणी फुगवायच्या संप्रेरकात, घड किती वेळा बुडवले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. द्यायचंच असेल तर परसातल्या न फवारलेल्या वेलाचं द्या. बेदाणा पूर्ण बंद. डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, वरून गंधकाची धुरी हे एक, आणि सुकवलेल्या फळात साखर आणि लोह दोन्ही दाटतात हे दुसरं.

लोहाचं नीट समजून घ्या, कारण फळखाऊ पक्षी पिंजऱ्यात मरतात त्याचं ते एक मोठं कारण आहे. रानातल्या आहारात लोह कमी असतं, म्हणून या पक्ष्यांचं शरीर मिळेल तितकं शोषून घेतं आणि परत टाकायची सोय त्याच्याकडे नसते. टूकन आणि डोंगरी मैना यात सगळ्यात पुढे, तुराकोलाही जपावं लागतं. वर्षानुवर्षं लोह यकृतात साठत जातं, बाहेरून काही कळत नाही, आणि एके दिवशी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडतो. म्हणून कोंबडीचं फीड नको, भिजवलेलं डॉग फूड नको, “ताकदीसाठी” म्हणून लोहाचं टॉनिक तर मुळीच नको. पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) घ्यायचे तर फळखाऊ पक्ष्यांचे, किलोमागे लोह 100 मिलिग्रॅमच्या आत असलेले. डब्यावर आकडा छापलेला नसेल तर दुकानातच ठेवा. संत्रं, मोसंबी, लिंबू जेवणात मिसळू नका, सी जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.

मग द्यायचं काय? सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास पपई, सफरचंद, थोडं केळं, शिजवलेलं रताळं आणि भिजवलेले पेलेट, सगळं बोराच्या बीएवढं चिरून. हा पक्षी चावत नाही, अख्खं गिळतो, मोठ्या फोडी नुसत्या पाडतो. उन्हात दोन तासांत आंबलेलं फळ उचलून टाका. लेट्यूस, कोबीचं पान, जास्वंदीची फुलं रोज. अॅव्होकाडो कुठल्याच पक्ष्याला देऊ नका, ते त्यांना विष आहे. आणि तुमच्या बांधावर उंबर असेल तर तुम्ही नशीबवान. उंबर फोडून केंबरं काढायची नाहीत अशी म्हण आपण माणसांना सांगतो. पक्ष्याला मात्र केंबरांसकटच द्या. फळाबरोबर थोडे किडे पोटात जातात, ते त्याला हवेच असतात.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते, नर मादीला बसू देत नाही. तुम्ही शेवटी लिहिलंत, मी असतो तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. तुराकोचा नर विणीच्या दिवसांत चढला आणि मादी तयार नसली तर तो तिला मारून टाकू शकतो. अतिशयोक्ती करत नाही. माझ्याकडे आलेली पहिली तुराको मादी टॉवेलमध्ये गुंडाळलेली आली होती, डोक्याची कातडी मागून पुढे सोललेली. दोन टाके घातले, वाचली नाही. मालक म्हणाले, काल संध्याकाळी थोडी पळापळ चालली होती, आम्हाला वाटलं प्रेम आहे. पिंजरा साधारण तुमच्याएवढाच होता. रानात मादी अर्धा मैल निघून जाते. आठ फुटांत ती कुठे जाणार?

म्हणून आज संध्याकाळच्या आत नराला बाहेर काढा. मादीला नको, नरालाच, म्हणजे जागा तिची होईल. मध्ये जाळी राहू द्या, एकमेकांना दिसू द्या. नवा लांब पिंजरा झाला की आधी मादीला सोडा, आठवड्याने नराला. आत दोन ठिकाणी खाणं, दोन ठिकाणी पाणी, आणि दाट पाल्याचे दोन-तीन आडोसे, ज्यांना मागून पुढून दोन्हीकडून वाट असेल. एकच वाट असलेला आडोसा म्हणजे सापळा. पहिले दोन दिवस तिथे खुर्ची टाकून बसायला वेळ नसेल तर एकत्र सोडूच नका. लव्हबर्ड शेजारच्या पिंजऱ्यात चालतील, त्याच पिंजऱ्यात नाही.

त्याआधी एक काम. ही जोडी आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. विकणाऱ्याने एकाला नर म्हटलं म्हणून तो नर होत नाही. दोघांचीही छातीची दोन-दोन ताजी पिसं मुळासकट काढून डीएनए तपासणीला पाठवा. दोन नर निघाले तर वरचा सगळा परिच्छेद बदलेल आणि “पिल्लं कधी” हा प्रश्नच उरणार नाही.

खरी जोडी निघाली आणि जमली, तर सहा-सात फुटांवर पाल्याच्या आडोशाला बांबूची उथळ पाटी बांधून ठेवा, शेजारी बारीक काटक्या. यांचं स्वतःचं घरटं म्हणजे होल्याच्या घरट्यासारखं, चार काड्या आणि देवावर भरवसा. पाटी नसली तर अंडी खाली पडतात. अंडी बहुतेक दोन, उबवणं दोघं मिळून करतात, 21 ते 24 दिवस लागतात. पिल्लं काळपट लवीची असतात आणि तीन आठवड्यांच्या आसपास, उडता येण्याआधीच, घरट्यातून बाहेर येऊन फांद्यांवर चढू लागतात. काही जातींच्या पिल्लांच्या पंखाला त्यासाठी छोटं नखही असतं. पिल्लू बाहेर दिसलं की “पडलं” म्हणून उचलून परत ठेवू नका. खाली मऊ गवत पसरा आणि लांब व्हा.

उंदरांचा बंदोबस्त करा, बेदाण्याच्या शेडशेजारी हे सोपं नाही हे जाणून सांगतो. उंदरांच्या लेंड्यांतून येणारा यर्सिनिया नावाचा जंतू फळखाऊ पक्ष्यांना झटक्यात मारतो, औषधाला सवड देत नाही. अर्धा इंची वेल्डमेश, जमिनीत दोन फूट गाडलेली, आणि रात्री खाण्याची भांडी आत नाहीत.

कागदांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमची जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि तेव्हापासून असे परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. 2024 च्या नियमांप्रमाणे पक्षी जवळ असणं, पिल्लू होणं, मरणं, दुसऱ्याला देणं या सगळ्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याने त्याची नोंद आणि हस्तांतराचा कागद दिला नसेल तर आधी तो मागा. “चालतं हो, सगळेच ठेवतात” हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही. आणि नाद सुटला तर चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडायचा विचारही मनात आणू नका. ते बेकायदा आहे, आणि हा पक्षी तिथे मेला तरी वाईट, जगला तरी वाईट.

नर वेगळा केल्यावर मादीचा डोक्यापासून मानेपर्यंतचा एक जवळचा फोटो मला पाठवा. तुमच्या तिसऱ्या फोटोत तिच्या तुऱ्यामागे पिसं गेल्यासारखी वाटतायत. ती सावली आहे की जखम, ते मला त्यावरून कळेल.